चाळीस लाखांत एक

ठसेकाका आता समोर बघून चालतात. लाज वाटली की माणसाची मान खाली जाते असा आपला समज असतो, पण काकांची गेली ती वर. कारण त्याआधी तीस वर्षं हा माणूस जमिनीकडे बघतच चालला होता. जिन्यात भेटले तर आधी चपलेला ओळखायचे, मग माणसाला. "काय हो, डावी टाच फारच झिजवलीत. कंबर दुखते का?" ही त्यांची ख्यालीखुशाली विचारायची पद्धत. आता ते भिंतीकडे बघतात, दिव्याकडे बघतात, तुमच्या कपाळाकडे बघतात. परवा पायरीचा अंदाज चुकून कठड्यावर आपटले, तरी खाली म्हणून पाहिलं नाही.

काका न्यायसहायक प्रयोगशाळेत होते. म्हणजे चोर खिडकीतून आत आला आणि जाताना धुळीत पाय उमटवून गेला, तर तो पाय काकांच्या टेबलावर यायचा. पोलीस मग कुणाचे तरी बूट आणून द्यायचे आणि काका भिंगातून पाहून सांगायचे, जुळतो की नाही. काम नेमस्त, पगार बेताचा आणि कौतुक शून्य. रक्त तपासणाऱ्यांना भाव, बंदूक तपासणाऱ्यांना भाव, पण चपला तपासणाऱ्याला कोण विचारतो? साहेबांच्या खोलीबाहेर चपला काढून आत जाणारे लोकसुद्धा काकांना सांगायचे, "जरा लक्ष ठेवा हं."

काका या कशानेही खट्टू झाले नाहीत. पायांवर त्यांचं खरंखुरं प्रेम होतं. काकू सांगतात, "लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे मला म्हणाले, तुम्ही घाईने चालता आणि वळताना डाव्या पायावर भार देता. मला वाटलं, कवी असावा."

प्रयोगशाळेत नमुन्याचे ठसे म्हणून जेमतेम एक खण भरेल एवढाच माल होता. हा ठसा किती दुर्मीळ, हे सांगायचं तर चार लोकांच्या बुटांशी ताडून बघायला नको? साहेबांची परवानगी घेऊन काकांनी तो संग्रह स्वतःच वाढवायला घेतला. पाहुणा दारात आला की पाणी नंतर, कागद आधी. चपलेच्या तळाला हलकं तेल लावायचं, कोऱ्या कागदावर पाय ठेवायला लावायचा आणि वरून काळी पूड फिरवायची. नक्षी अशी उमटायची की आपल्याच पायाचा आपल्याला अभिमान वाटावा. आमच्या इमारतीतला एकही पाय त्यांनी सोडला नाही. बँकेतले लोक, प्रयोगशाळेतले सहकारी, मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, काकूंच्या माहेरची झाडून सगळी मंडळी, दातांचे डॉक्टर. मेहुण्याने, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाने, तर एकदा वैतागून विचारलं होतं, "भावजी, मी तुमच्याकडे जेवायला आलोय की जामिनावर सुटलोय?"

माझ्याही चपलेचा ठसा त्यात आहे. दोनदा आहे. नवी घेतली तेव्हा मीच होऊन गेलो होतो.

असे बाराशे पाय जमले. आणि मग ते प्लास्टरच्या गोदामाचं प्रकरण आलं.

गोदामात चोरी झाली. चोराला पहारेकऱ्याने हटकलं, तर त्याच्या डोक्यात काहीतरी घालून तो पळाला. पहारेकरी वाचला, पण त्याला चेहरा काही सांगता येईना. पळताना एक पोतं फुटलं होतं आणि त्या पांढऱ्या पुडीत उजव्या पायाचा सुरेख ठसा उमटला होता. जवळच्या बर्फाच्या कारखान्यातला एक हमाल गोदामाच्या मालकाशी आदल्या आठवड्यात भांडला होता. पोलिसांनी त्याला उचललं, त्याचे बूट उतरवले आणि काकांकडे पाठवले. बुटांशिवाय त्याच्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं.

बूट जुळले. तळाला मधाच्या पोळ्यासारखी नक्षी, माप तेच, आणि टाचेवर दोन तिरप्या खाचा. खाचा पाहून काकांना अगदी भरून आलं. कारण नक्षी कारखान्यात बनते, एकसारख्या हजारोंवर असते. पण चालता चालता काचेवर, पत्र्यावर पडलेली खाच ही त्या एका बुटाची स्वतःची. काकांनी संग्रह काढला. पोळ्याची नक्षी बाराशेंत तिघांची, म्हणजे चारशेंत एक. ते माप दहांत एकाचं. आणि तशा दोन खाचा अख्ख्या संग्रहात एकाच्याही टाचेवर नाहीत, म्हणून अगदी हात सैल सोडून धरलं तरी हजारांत एक. चारशे गुणिले दहा गुणिले हजार. चाळीस लाख.

साक्षीच्या दिवशी आमच्या इमारतीतले आम्ही पाच-सहा जण कोर्टात गेलो होतो. घरचं कार्य असल्यासारखेच गेलो. आपल्या जिन्यातला माणूस पिंजऱ्यात उभा राहून न्यायाधीशांशी बोलणार, हे काय रोज होतं? काकांनी कोट घातला होता आणि बुटांना पॉलिश केलं होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तर साहेब, असा बूट किती जणांचा असू शकेल?"

"चाळीस लाखांत एकाचा."

"आपल्या शहराची वस्ती वीस लाख. म्हणजे आरोपी सोडला तर शहरात असा दुसरा माणूस निघायचा नाही?"

"हिशेबाने पाहिलं," काका म्हणाले, "तर दुसरा अर्धा माणूससुद्धा निघत नाही."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. आम्ही तर सर्वांत मोठ्याने हसलो, कारण तो आमचा माणूस होता.

मग आरोपीची वकील उठली. तरुण होती, काळा डगला जरा मोठाच होता तिला. म्हणाली, "हे बाराशे ठसे तुम्ही कुठून गोळा केले?"

"तीस वर्षांच्या मेहनतीतून."

"बर्फाच्या कारखान्यातल्या बाकीच्या कामगारांचे बूटही असेच असतील तर?"

"आणा ना त्यांना साक्षीला," सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाले. ते बिचारे कुठले यायला? कारखान्याच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, कोर्टात जाणाऱ्याने परत कामावर यायचं नाही.

काकांनी चष्मा पुसला. "मॅडम, 'असतील तर' असं माप आमच्या शास्त्रात नाही. हा गुणाकार आहे. तिसरीत शिकवतात."

पुन्हा हशा. वकीलबाईंचे कान लाल झाले आणि त्या खाली बसल्या. तेवढ्यात आरोपी उठला. त्याने एक पाय उचलला, हाताने टाच धरली आणि काहीतरी बोलू लागला. न्यायाधीशांनी सांगितलं, जे सांगायचं ते वकिलामार्फत सांग, आणि शिपायाने त्याला खाली बसवलं. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांना वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालात न्यायाधीशांनी तो आकडा तसाच्या तसा उचलला होता: आरोपीखेरीज हे कृत्य दुसऱ्या कुणी केलेलं असण्याची शक्यता चाळीस लाखांत एक. काका असं म्हणालेच नव्हते. ते बुटाबद्दल बोलले होते, गुन्ह्याबद्दल नाही. त्यांना हा फरक कळत होता, पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं वाक्य निकालात घातलं होतं. वाक्य थोडं वाकडं छापलंय म्हणून कोण तक्रार करतो?

मग काय विचारता! काकांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणारे व्याही चार माणसांत सांगू लागले, "आमचे व्याही म्हणजे कोर्टाने नाव घेतलेला माणूस." मेहुणा तर येता-जाता म्हणायचा, "आमचे भावजी चाळीस लाखांत एक!" आणि काका "काहीतरीच काय" असं म्हणून पुढचं ऐकायला थांबायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी बर्फ कमी पडणार असं लक्षात आलं. दोनशे माणसं, उन्हाळा, आणि थंड पेयं कोमट. काकूंनी फर्मान काढलं, "तुम्ही दोघं इथे नुसते लुडबुडताय. जा, लाद्या घेऊन या." मेहुण्याने टेम्पो काढला, काका कोट घालूनच शेजारी बसले. पुढचं सगळं मेहुण्याने मला सांगितलं, आणि सांगताना तो पहिल्यांदाच विनोद करत नव्हता.

कारखान्याच्या अंगणात लाद्या झाकायचा भुसा पसरलेला होता. ओला, दाबून बसलेला, काकांच्या पुडीपेक्षाही चांगला. त्यावर पाय उमटलेले. काका सवयीने खाली बघत टेम्पोतून उतरले आणि दाराच्या दांडीला धरून तिथेच उभे राहिले. पोळ्याची नक्षी. टाचेवर दोन तिरप्या खाचा. पुढे अजून एक. त्याच्या पुढे पाच. लादी जिथून ओढली जात होती तिथे एकावर एक, एकमेकांना तुडवणारे, सगळे तेच. आत जाणारे तेच, बाहेर येणारे तेच. मेहुण्याला वाटलं, उन्हाने चक्कर आली.

एक कामगार लादी घेऊन आला. काकांनी विचारलं, "टाचेला हे काय केलंय?"

"खाचा होय? घसरू नये म्हणून. कामावर आल्या दिवशी मुकादम सुरीने पाडून देतो."

"सगळ्यांना?"

"ज्याला कंबर मोडून घ्यायची असेल त्याला सोडून," तो हसला. लादी टेम्पोत ढकलून हात झटकत म्हणाला, "बुटांचं विचारणारे तुम्ही पहिलेच. आमचा एक जण आत बसलाय याच बुटांपायी. कोण्या साहेबाने सांगितलं म्हणे, असा बूट एकाचाच. च्यायला, इथं येऊन बघायला काय झालं होतं?"

तो साहेब मीच, एवढं म्हणायचं सोडून काकांनी लाद्यांचे पैसे मोजून दिले. परतीच्या वाटेवर मेहुणा काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "भावजी, योगायोग असेल." काका म्हणाले, "किती लाखांत एक?"

लग्न लागलं. फोटोत काका आहेत, हातात पेला आहे. पेल्यात बर्फ आहे. तो विरघळून पाणी झालं तरी त्यांनी पेला तोंडाला लावला नाही. व्याही त्यांना पाहुण्यांसमोर उभं करून सांगत होते, "हेच ते, चाळीस लाखवाले." काका मान डोलवत होते. हे मी स्वतः पाहिलंय आणि मला वाटलं होतं, मुलगी सासरी चालली म्हणून हळवे झालेत.

मुलगी गेली, मांडव उतरला, आणि काकांनी संग्रह उघडला. बाराशे पाय जमिनीवर पसरले आणि मध्ये बसले. बँक, प्रयोगशाळा, माहेरची मंडळी, दाताचा डॉक्टर, आम्ही. जो काकांच्या दारात येऊ शकत होता त्याचा पाय त्यात होता. बर्फ ओढणारा काकांच्या दारात कशाला येईल? पोळ्याच्या नक्षीचे ते तीन बूट होते, त्यांतला एक नळ दुरुस्त करणारा, एक टाकी धुणारा. तिसरा कोण ते त्यांना आठवेना. चुकून येऊन गेलेले तिघे. वीस लाखांच्या शहराचं माप काढायला काकांनी स्वतःचे पाहुणे मोजले होते.

काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो तिकडे आत, आणि तुम्ही इथे माझी फरशी अडवून बसलाय होय?"

काका आधी साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस, त्यांनी दार लावून घेतलं. "निकाल लागलाय. अपील चाललंय ना त्याचं? वरचं कोर्ट बघेल काय ते. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. तुम्ही एक प्रकरण उकरलंत की लोक तुमची सगळी जुनी प्रकरणं उकरतील."

"उकरायलाच हवीत," काका म्हणाले. म्हणाले खरे, पण आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी "काय?" म्हणून विचारलं, आणि काकांना ते पुन्हा म्हणावं लागलं. काकू म्हणतात, दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.

मग वकीलबाई. त्यांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे लाकडी फळी लावून केलेली खोली. काका तिथे खुर्चीच्या कडेवर बसले आणि अंगणातल्या भुशापासून सगळं सांगितलं. काका थांबल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे तो तिसरीतला गुणाकार..."

"चुकला."

"गुणाकार चुकला की..."

"गुणाकार बरोबर होता," काका म्हणाले. "मी चुकलो."

बाई टेबलावरची टाचणी फिरवू लागल्या. मग म्हणाल्या, "त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हो. मुकादम खाचा पाडतो म्हणून. मी तुमच्या आकड्याला घाबरले. मलाच वाटायला लागलं, हा खोटं बोलतोय."

वरच्या कोर्टाने काकांची साक्ष पुन्हा घ्यायला परवानगी दिली. या वेळी इमारतीतून फारसं कुणी आलं नाही. काकू होत्या, मेहुणा होता आणि मी होतो. काकांनी कोट घातला नव्हता.

बाईंनी विचारलं, "तीन आकडे एकमेकांना गुणले. त्यात काय बिघडलं, कोर्टाला सोपं करून सांगाल का?"

काकांनी जरा विचार केला आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "समजा, दहांत एकाला टक्कल आहे," ते म्हणाले. "आणि दहांत एकाच्या खिशात कंगवा नाही. मी जर म्हणालो की टक्कल असलेला आणि कंगवा नसलेला माणूस शंभरांत एकच, तर ते चूक. कारण टकल्याला कंगवा लागतोच कशाला? माझ्याही खिशात नाही. ते दोन वेगळे योगायोग नव्हेत, एकामागून दुसरं आपोआप आलंय. बर्फावर काम करणाऱ्याचा बूट तो, आणि बर्फावर काम करतो म्हणूनच त्याला त्या खाचा. मी त्यांना योगायोग समजून गुणत गेलो."

कोर्ट हसलं. मागच्या वेळेसारखंच हसलं. काका त्या टकलासकट तसेच उभे राहिले, हसू संपेपर्यंत, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण त्या दिवशी का हसलो होतो?

सरकारी वकिलांनी चिडून विचारलं, "मग आता खरा आकडा काय? चाळीस लाख नाही तर किती?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"नाही सांगता यायचा. त्या कारखान्यात असे बूट घालणारे सगळेच आहेत, एवढं सांगू शकतो. हा ठसा त्यांतल्या त्या मापाच्या कुणाचाही असेल. याचाही असेल. मला माहीत नाही."

तीस वर्षांत एवढं छोटं उत्तर त्यांनी कोर्टात दिलं नव्हतं. ते देताना त्यांनी आरोपीकडे पाहिलं नाही. वर पंख्याकडे पाहिलं. समोर बघून चालायची सवय तिथूनच लागली असावी.

बुटांवाचून पुरावाच नसल्याने शिक्षा रद्द झाली. चोरी त्याने केली होती की नव्हती, हे काकांना आजही ठाऊक नाही, आणि कुणी विचारलं तर ते तसंच सांगतात. साहेब म्हणाले होते तेही खरं झालं. काकांच्या जुन्या साक्षींपैकी आकडे सांगितलेल्या सगळ्या आता तपासणीला काढल्या आहेत. व्याह्यांनी बोलणं कमी केलंय. मेहुणा 'चाळीस लाखांत एक' हे शब्द चुकूनही काढत नाही, आणि त्याने ते न काढणंच काकांना जास्त लागतं.

सुटका झाल्यावर काही दिवसांनी मुद्देमाल परत घ्यायला तो माणूस कोर्टात आला. वकीलबाईंनी काकांना कळवलं होतं. या म्हणाल्या नव्हत्या, नुसतं कळवलं होतं. काका मला म्हणाले, "चल जरा." व्हरांड्यात तो अनवाणी उभा होता. चप्पल बाकाखाली काढून ठेवली होती, बूट लगेच घालायचे म्हणून. वर्षभर तुरुंगात राहून आलेला माणूस, आमच्यापेक्षा वयाने लहान, आणि काकांना पाहिल्यावर तोच गडबडून सावरून उभा राहिला.

काका बहुधा माफी मागायचं ठरवून आले होते. पण त्यांची नजर बुटांवर गेली. प्रयोगशाळेची चिठ्ठी उजव्या बुटाच्या तळावर, अगदी त्या खाचांवरच चिकटवलेली होती. प्रकरण क्रमांक, शिक्का आणि खाली काकांची सही.

"द्या इकडे," काका म्हणाले.

ते व्हरांड्याच्या फरशीवर मांडी घालून बसले. येणारे-जाणारे वकील वळसा घालून जाऊ लागले. काही ओळखीचे होते, ते थांबून बघू लागले. काकांनी नखाने चिठ्ठी खरवडायला घेतली. प्रयोगशाळेचा डिंक, वर्षभर वाळलेला. कागद निघाला, पण थर निघेना. ते थुंकी लावून घासू लागले. सहीचा एक कोपरा खाचेत अडकून बसला होता.

तो माणूस त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "राहू द्या, काका. कामावर गेलो की बर्फाने निघून जाईल."

"नाही," काका म्हणाले, "थांबा जरा." आणि मान खाली घालून खरवडत राहिले.